अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉल : पात्रता व व्यवसायप्रवेश

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये खेळाडूने किती काळ व कोणत्या अटींवर खेळावे आणि व्यावसायिक खेळात त्याने केव्हा प्रवेश करावा, यांविषयीच्या नियमांचा व त्यांवरील वादांचा इतिहास. येथे फुटबॉल म्हणजे भारतात परिचित असलेला, मुख्यतः पायाने खेळावयाचा खेळ नव्हे. लंबगोल चेंडू हातांत घेऊन किंवा फेकून प्रत्येकी ११ खेळाडूंच्या दोन संघांत खेळला जाणारा तो अमेरिकन फुटबॉल होय. या खेळात व्यावसायिक संघ स्वतः तरुण खेळाडू तयार करीत नाहीत. ते काम विद्यापीठांचे संघ करतात. त्यामुळे माध्यमिक शाळेतून बाहेर पडलेल्या गुणी खेळाडूला व्यावसायिक क्षेत्राकडे जाण्यासाठी विद्यापीठाचे मैदान हाच प्रायः एकमेव मार्ग असतो. या मार्गाच्या एका टोकाला ‘नॅशनल कॉलेजिएट ॲथ्लेटिक असोसिएशन’ ही विद्यापीठांची संघटना (यापुढे ‘संघटना’) आणि दुसऱ्या टोकाला ‘नॅशनल फुटबॉल लीग’ ही व्यावसायिक संघांची संस्था (यापुढे ‘लीग’) उभी आहे. एकीने खेळाडूला किती वर्षे ठेवावयाचे, हे ठरविले आणि दुसरीने त्याला केव्हा घ्यावयाचे, हे ठरविले. या दोहोंच्या नियमांमध्ये सापडलेल्या खेळाडूला दाद कोणाकडे मागता येईल, हा या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

पार्श्वभूमी : महाविद्यालयीन फुटबॉलचा पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्झ व प्रिन्स्टन या संस्थांमध्ये झाला, असे मानले जाते. आरंभीच्या काळात सामन्यांची व्यवस्था विद्यार्थीच पाहत. पुढे येल, हार्व्हर्ड, प्रिन्स्टन इ. विद्यापीठांच्या सामन्यांना मोठी गर्दी होऊ लागली व विजयाला आर्थिक मोल आले. वर्गात नाव नसलेले, एका संस्थेतून दुसरीत हिंडणारे किंवा मोबदला घेऊन खेळणारे खेळाडू संघांत शिरले. व्यावसायिक फुटबॉलचा पहिला ज्ञात दाखलाही याच काळातील आहे. येल विद्यापीठाचा माजी खेळाडू विल्यम हेफेल्फिंगर (१८६७–१९५४) याला १२ नोव्हेंबर १८९२ रोजी पिट्सबर्ग येथील एका सामन्यासाठी ॲलेगेनी ॲथ्लेटिक असोसिएशनने ५०० डॉलर दिल्याची नोंद त्या संस्थेच्या हिशेबात आढळते.

विद्यापीठांना एकत्र आणण्याचे तात्कालिक कारण मात्र पैसा हे नव्हते. १९०५ च्या हंगामात मैदानावरील मृत्यूंमुळे व गंभीर दुखापतींमुळे लोकमत प्रक्षुब्ध झाले. राष्ट्राध्यक्ष थीओडोर रूझवेल्ट (१८५८–१९१९) यांनी त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये हार्व्हर्ड, येल व प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये पाचारण केले. त्यानंतरच्या हालचालींतून १९०६ मध्ये विद्यापीठांची संघटना स्थापन झाली व १९१० मध्ये तिने आपले सध्याचे नाव धारण केले. सुरक्षिततेसाठी जन्मलेल्या या संघटनेने हौशी वृत्तीचे रक्षण हेही आपले कार्य मानले. तिचे सभासद म्हणजे विद्यापीठे होत. खेळाडू हा तिचा सभासद नव्हे. पुढील काळातील अनेक वादांचे मूळ या साध्या गोष्टीत आहे.

ग्रेंज प्रकरण व लीगचा निर्बंध : १९२० मध्ये ओहायओ राज्यातील कँटन येथे व्यावसायिक संघांची संस्था स्थापन झाली आणि १९२२ मध्ये तिला नॅशनल फुटबॉल लीग हे नाव मिळाले. तत्कालीन सुशिक्षित समाजात तिला फारशी प्रतिष्ठा नव्हती. ही स्थिती बदलण्यास इलिनॉय विद्यापीठाचा धावपटू हॅरल्ड ‘रेड’ ग्रेंज (१९०३–९१) कारणीभूत झाला. सुटीत घरोघर बर्फाच्या लाद्या पोहोचविण्याचे काम करणाऱ्या या तरुणाने १८ ऑक्टोबर १९२४ रोजी मिशिगन विद्यापीठाविरुद्ध पहिल्या १२ मिनिटांत चार वेळा चेंडू शेवटच्या रेषेपार नेला आणि तो देशभर प्रसिद्धी पावला. २१ नोव्हेंबर १९२५ रोजी त्याने विद्यापीठातर्फे अखेरचा सामना खेळला आणि लगेच शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघात तो सामील झाला. पाचच दिवसांनी, २६ नोव्हेंबरला, तो शिकागो येथे सु. ३६,००० प्रेक्षकांपुढे उतरला. पदवी त्याने घेतली नव्हती. त्याचे प्रशिक्षक रॉबर्ट झुपके यांना हा निर्णय मुळीच रुचला नाही आणि विद्यापीठीय वर्तुळातही त्यावर कडक टीका झाली. ग्रेंजचा व्यवहार पाहणारा चार्ल्स पाइल हा नाट्यगृहांचा चालक होता. खेळाडूचा अभिकर्ता (एजंट) ही संस्था या प्रकरणाने ठळकपणे पुढे आली.

या घटनेचा परिणाम दुहेरी झाला. ग्रेंजच्या दौऱ्याने लीगला प्रेक्षक व उत्पन्न मिळवून दिले. परंतु विद्यापीठांचा रोष ओढवून घेणे लीगला परवडण्याजोगे नव्हते. म्हणून ज्या वर्गात खेळाडू दाखल झाला त्या वर्गाचा पदवीकाल पूर्ण होईपर्यंत त्याला कोणत्याही संघाने करारबद्ध करू नये, असा नियम लीगने १९२६ मध्ये केला. हा निर्बंध खेळाडूच्या शिक्षणाच्या हितासाठी असल्याचे सांगण्यात आले. विद्यापीठांना त्यामुळे चार वर्षांचा निर्धास्त खेळाडू मिळाला आणि लीगला विनाखर्च तयार झालेला, नावारूपाला आलेला खेळाडू मिळाला. ज्याच्याविषयी हा नियम होता, त्याचे मत मात्र कोणी विचारले नव्हते.

१९३६ पासून लीगने खेळाडू-निवडीची (ड्राफ्ट) पद्धत सुरू केली. तीनुसार संघ ठराविक क्रमाने महाविद्यालयीन खेळाडूंची नावे पुकारतात व ज्या संघाने ज्याचे नाव पुकारले, त्याच्याशी बोलणी करण्याचा हक्क त्या संघाकडे राहतो. या पद्धतीने प्रथम निवडला गेलेला खेळाडू म्हणजे शिकागो विद्यापीठाचा जे बर्वांगर (१९१४–२००२) होय. आधीच्या वर्षी, पुढे ‘हाइझमन’ या नावाने विख्यात झालेला सन्मानचषकही प्रथम त्यालाच मिळाला होता. असे असूनही तो लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. फेसाळ रबराच्या विक्रीच्या व्यवसायात त्याने प्रवेश केला. त्या काळी व्यावसायिक फुटबॉलपेक्षा इतर नोकरी वा धंदा अधिक भरवशाचा वाटे, हे यावरून दिसते. कृष्णवर्णीय खेळाडूंना तर हा पर्यायही खुला नव्हता. १९३४ ते १९४५ या काळात लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस अँजेल्स शाखेचा नामांकित खेळाडू केनी वॉशिंग्टन याला १९३९ च्या हंगामानंतर लीगच्या कोणत्याही संघाने निवडले नाही. १९४६ मध्ये लॉस अँजेल्स रॅम्स संघाने करार केल्यावर त्याचा प्रवेश झाला.

शिष्यवृत्ती आणि ‘विद्यार्थी-खेळाडू’ : हौशी खेळाडूला संस्थेने काय द्यावे, याविषयी विद्यापीठांत कधीच एकमत नव्हते. कार्नेगी प्रतिष्ठानाच्या १९२९ च्या अहवालाने शंभराहून अधिक संस्थांची पाहणी करून खेळाडूंना छुप्या मार्गांनी मदत देण्याचा प्रघात किती सार्वत्रिक आहे, हे उघड केले. १९४८ मध्ये संघटनेने केवळ आर्थिक गरजेवर आधारलेल्या साहाय्यास मान्यता देणारी संहिता संमत केली. सात संस्थांनी तिचे पालन करण्याचे नाकारले. त्यांना काढून टाकण्याचा ठराव १९५० मध्ये आवश्यक बहुमताअभावी फेटाळला गेला व संहिताच पुढे रद्द झाली. अखेर १९५६ मध्ये, गरज वा अभ्यासातील गुण न पाहता, केवळ क्रीडाकौशल्यावर शिष्यवृत्ती देण्यास संघटनेने संमती दिली.

या बदलातून एक नवीन कायदेशीर प्रश्न उद्भवला. शिष्यवृत्ती खेळासाठी मिळत असेल, तर खेळाडू हा विद्यापीठाचा नोकर ठरतो काय? कोलोरॅडो राज्यात १९५५ मध्ये एका महाविद्यालयीन खेळाडूचा सामन्यात डोक्याला इजा होऊन मृत्यू झाला. त्याच्या विधवेने कामगार-भरपाईसाठी केलेला दावा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये अमान्य केला. याच सुमारास संघटनेचे पहिले कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स (१९२२–२०१५) यांच्या कारकीर्दीत ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्दप्रयोग जाणीवपूर्वक रूढ करण्यात आला. खेळाडूला नोकर मानले जाऊ नये, हा त्यामागील हेतू होता. १९७३ मध्ये चार वर्षांच्या शिष्यवृत्तीऐवजी दरवर्षी नूतनीकरण करावयाची शिष्यवृत्ती आली आणि खेळाडूचे अवलंबित्व आणखी वाढले. निवृत्तीनंतर १९९५ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात बायर्स यांनी आपणच उभारलेल्या या व्यवस्थेवर कठोर टीका केली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

पात्रतेचे नियम व दाद मागण्याची रीत : प्रदीर्घ काळ रूढ असलेल्या नियमानुसार महाविद्यालयात प्रथम नाव नोंदविल्यापासून पाच वर्षांच्या अवधीत खेळाडूला चार हंगाम खेळता येत. उरलेले एक वर्ष दुखापत, सराव वा अन्य कारणासाठी राखून ठेवण्याची सोय होती. २०१८ पासून चारपर्यंत सामने खेळूनही तो हंगाम न मोजण्याची सवलत देण्यात आली. त्याशिवाय अभ्यासातील किमान प्रगती ही अट होती. खेळाबद्दल मोबदला घेणे, अभिकर्त्याशी करार करणे किंवा व्यावसायिक निवडीसाठी नाव देणे, यांपैकी काहीही घडल्यास पात्रता नष्ट होई.

पात्रता गमावलेल्या खेळाडूला ती परत मिळविण्यासाठी अर्ज करण्याची तरतूद होती. परंतु तो अर्ज खेळाडूने नव्हे, तर त्याच्या विद्यापीठाने करावयाचा असे. संघटनेचे अधिकारी प्रथम निर्णय देत व त्यावर संघटनेच्याच समितीकडे अपील करता येई. न्यायालयात जाण्याचा मार्ग खुला असला, तरी तोही निर्धोक नव्हता. न्यायालयाच्या तात्पुरत्या आदेशाने खेळलेला खेळाडू पुढे दावा हरला, तर त्याने खेळलेले सामने रद्द करण्याचा व विद्यापीठाला शिक्षा करण्याचा अधिकार संघटनेने नियमाने स्वतःकडे ठेवला होता. त्यामुळे आदेश हाती असूनही खेळाडूला मैदानात उतरविण्यास विद्यापीठे कचरत. शिवाय, संघटना ही शासनाचे अंग नसल्याने संविधानातील न्याय्य कार्यपद्धतीची हमी तिला बांधील नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये टार्केनियन या बास्केटबॉल प्रशिक्षकाच्या खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी दिला. यामुळे तक्रारदारापुढे प्रामुख्याने एकच कायदेशीर शस्त्र उरले आणि ते म्हणजे १८९० चा मक्तेदारीविरोधी शर्मन कायदा.

या कायद्याच्या आधारे संघटनेला १९८४ मध्ये मोठा पराभव पत्करावा लागला होता. दूरचित्रवाणीवरील फुटबॉल प्रक्षेपणावरील तिचे एकहाती नियंत्रण सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरविले. तथापि त्याच निकालपत्रात महाविद्यालयीन खेळाची हौशी परंपरा जपण्याची आवश्यकताही अनुषंगाने नमूद झाली होती. प्रक्षेपणाच्या पैशाची दारे विद्यापीठांना उघडून देणारा हाच निकाल पुढील सदतीस वर्षे खेळाडूंच्या दाव्यांविरुद्ध ढालीसारखा वापरला गेला.

गेन्स व बँक्स खटले : १९२६ च्या निर्बंधाला पहिला मोठा तडा प्रतिस्पर्धी संस्थेमुळे गेला. १९८३ मध्ये सुरू झालेल्या ‘युनायटेड स्टेट्स फुटबॉल लीग’ या संस्थेतील न्यू जर्सी जनरल्स या संघाने जॉर्जिया विद्यापीठाचा हर्शल वॉकर याला तीनच हंगामांनंतर करारबद्ध केले. करार उघडकीस येताच त्याची महाविद्यालयीन पात्रता संपुष्टात आली. १९८९ मध्ये ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या बॅरी सँडर्सला लीगने अपवाद म्हणून मुदतीपूर्वी निवडीत घेतले व १९९० पासून शाळा सोडून तीन वर्षे झालेल्या सर्वच खेळाडूंना निवडीचा मार्ग मोकळा केला.

दार उघडले; पण ते एकाच दिशेने उघडणारे होते. व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा ब्रॅडफर्ड गेन्स व नोत्र दाम विद्यापीठाचा ब्रॅक्स्टन बँक्स या दोघांनी १९९० च्या निवडीसाठी नावे दिली. दोघांनाही कोणत्याच संघाने निवडले नाही. त्यांनी एक पैही मिळविली नव्हती व दोघांचा महाविद्यालयीन खेळाचा एकेक हंगाम शिल्लक होता. गुडघ्याच्या दुखापतीमुळे बँक्सने तो हंगाम मुद्दाम राखून ठेवला होता. परंतु केवळ नाव दिल्यामुळे ते अपात्र ठरले. गेन्सची तात्पुरत्या आदेशाची मागणी नॅशव्हिल येथील संघीय न्यायालयाने नाकारली. पात्रतेचे नियम व्यापारी स्वरूपाचे नसल्याने मक्तेदारीविरोधी कायदा त्यांना लागू होत नाही, असे त्याने म्हटले. बँक्सचा दावाही फेटाळला गेला व सातव्या विभागाच्या अपील न्यायालयाने १९९२ मध्ये तो निर्णय बहुमताने कायम केला. या दोन प्रकरणांनी एक गोष्ट स्पष्ट झाली : व्यवसायात जाण्याचा निर्णय खेळाडूने आपल्या बाजारमूल्याची परीक्षा होण्यापूर्वी घ्यावयाचा होता आणि अंदाज चुकला, तर दोन्ही मैदाने त्याला बंद होत होती. बास्केटबॉलमध्ये निवडीनंतर परतण्याची काही सवलत १९९४ मध्ये देण्यात आली. फुटबॉलमध्ये मात्र नावे देण्याची मुदत संपल्यावर अल्पावधीत नाव मागे घेण्यापुरतीच ती मर्यादित राहिली.

क्लॅरेट व विल्यम्स प्रकरणे : लीगच्या तीन वर्षांच्या अटीला थेट आव्हान ओहायओ स्टेट विद्यापीठाच्या मॉरिस क्लॅरेटने दिले. पहिल्याच वर्षी, २००२ च्या हंगामात, तो १,२३७ यार्ड धावला आणि ३ जानेवारी २००३ रोजी मायामी विद्यापीठाविरुद्ध झालेल्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यात त्यानेच निर्णायक गुण मिळविले. याच सामन्यात मायामीच्या विलिस मॅकगेही या नामवंत खेळाडूच्या गुडघ्याचे अस्थिबंध तुटले. खेळाडूचे सारे भवितव्य एका क्षणात कसे पालटू शकते, याचे ते ठळक उदाहरण होते. पुढील हंगामात विद्यापीठाने क्लॅरेटला निलंबित केले. लीगच्या अटीनुसार २००५ पूर्वी त्याला निवडीत जाता येत नव्हते. म्हणजे दोन्ही संस्थांनी दारे बंद केली होती. सप्टेंबर २००३ मध्ये त्याने लीगविरुद्ध दावा लावला आणि ५ फेब्रुवारी २००४ रोजी न्यूयॉर्क येथील संघीय न्यायाधीश शायरा शाइंडलिन यांनी त्याच्या बाजूने निकाल दिला.

या निकालावर विसंबून सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा माइक विल्यम्स (१९८४– ) यानेही निवडीसाठी नाव दिले व अभिकर्ता नेमला. २००३ च्या हंगामात त्याने ९५ झेल घेतले होते व त्याची निवड पहिल्याच फेरीत होईल, असा जाणकारांचा होरा होता. परंतु निवडीच्या काही दिवस आधी, १९ एप्रिल २००४ रोजी, अपील न्यायालयाने निकालाला स्थगिती दिली. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी हस्तक्षेप करण्याचे नाकारले. २४ मे रोजी अपील न्यायालयाचे सविस्तर निकालपत्र न्यायाधीश सोनिया सोटोमायोर (पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती) यांनी लिहिले. पात्रतेची अट हा लीग व खेळाडूंची कामगार संघटना यांच्यातील सामुदायिक वाटाघाटींचा विषय असल्याने मक्तेदारीविरोधी कायद्याने त्यात हात घालू नये, असा त्याचा आशय होता. या कामगार संघटनेत भावी खेळाडूंना मत नसते. तरीही तिच्या कराराने ते बांधले गेले.

विल्यम्सची स्थिती विलक्षण होती. त्याने नियम मोडला तो लीगला बंधनकारक असलेल्या न्यायालयीन आदेशावर भरवसा ठेवून. स्थगितीनंतर त्याने अभिकर्त्याशी संबंध तोडले, उन्हाळी सत्रात पुन्हा अभ्यास सुरू केला आणि विद्यापीठाने त्याची पात्रता परत मिळावी म्हणून अर्ज केला. हंगामाचा पहिला सामना २८ ऑगस्ट २००४ रोजी होता. त्याच्या दोन दिवस आधी संघटनेने अर्ज फेटाळला. लीग त्याला २००५ पर्यंत घेणार नव्हती आणि संघटना त्याला विद्यार्थी म्हणून मैदानावर येऊ देणार नव्हती. परिणामी एक पूर्ण वर्ष तो कोठेच खेळला नाही. त्याच हंगामात त्याचा विद्यापीठसंघ अपराजित राहिला. २००५ च्या निवडीत डेट्रॉइट लायन्सने त्याला दहाव्या क्रमांकावर घेतले. पण तेथे त्याचा जम बसला नाही. तिसऱ्या फेरीत डेन्व्हर ब्रॉंकोजने निवडलेल्या क्लॅरेटला लीगमधील एकही अधिकृत सामना खेळावयास मिळाला नाही.

याच वर्षी कोलोरॅडो विद्यापीठाच्या जेरेमी ब्लूमलाही पात्रता गमवावी लागली. तो बर्फावरील घसरणीच्या (स्कीइंग) क्रीडाप्रकारातील आंतरराष्ट्रीय खेळाडू होता व त्या खेळाचा खर्च भागविण्यासाठी जाहिरातींचे उत्पन्न घेत होता. संघटनेच्या नियमांनुसार एका खेळात व्यावसायिक असलेल्यास दुसऱ्या खेळात विद्यार्थी म्हणून भाग घेता येई. जाहिरातीचे उत्पन्न मात्र घेता येत नसे. राज्याच्या अपील न्यायालयाने संघटनेचीच बाजू मान्य केली.

निर्णयाचे अर्थकारण : व्यवसायात लवकर जावे की शेवटचे वर्ष पूर्ण करावे, या निर्णयात दुखापतीचा धोका, निवडीतील अपेक्षित क्रमांक, कुटुंबाची परिस्थिती व पदवी हे घटक परस्परांविरुद्ध उभे राहतात. मदतीसाठी लीगने सल्लागार मंडळ नेमले आहे. खेळाडू पहिल्या फेरीचा, दुसऱ्या फेरीचा की विद्यापीठातच थांबावे अशा योग्यतेचा आहे, एवढेच ते कळविते. विल्यम्सचा सहकारी मॅट लायनार्ट याने २००४ चा हाइझमन चषक मिळविल्यानंतरही आणखी एक वर्ष विद्यापीठात राहणे पसंत केले. २००५ मध्ये अग्रक्रमाने निवडला जाईल असे मानला गेलेला हा खेळाडू २००६ मध्ये दहाव्या क्रमांकावर निवडला गेला. २०११ च्या करारान्वये नवोदितांच्या वेतनावर मर्यादा आली. २०१० मध्ये प्रथम निवडल्या गेलेल्या सॅम ब्रॅडफर्डचा करार सहा वर्षांसाठी ७·८ कोटी डॉलरपर्यंतचा होता. २०११ मध्ये त्याच क्रमांकावरील कॅम न्यूटनचा चार वर्षांसाठी सु. २·२ कोटींचा झाला. पहिला करार आखूड व ठराविक झाल्याने तो लवकर संपवून दुसरा, मोठा करार गाठण्याची ओढ वाढली आणि वर्षभराच्या विलंबाची किंमतही वाढली.

न्यायालयीन परिवर्तन : २०१४ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंनी कामगार संघटना स्थापण्याचा हक्क मागितला. राष्ट्रीय कामगारसंबंध मंडळाच्या विभागीय संचालकाने ते नोकर असल्याचे मान्य केले. परंतु मंडळाने २०१५ मध्ये प्रकरणात अधिकारिता चालविण्यास नकार दिला. खरे परिवर्तन वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचा माजी फुटबॉलपटू शॉन ऑल्स्टन याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्याने घडले. २१ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने शैक्षणिक लाभांवरील संघटनेच्या मर्यादा बेकायदा ठरविल्या आणि १९८४ च्या निकालपत्रातील हौशी वृत्तीविषयीचे उद्गार बंधनकारक नसल्याचे सांगितले. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव व छबी यांचा जाहिरातीसाठी मोबदला घेण्याची मुभा मिळाली. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीनुसार माजी खेळाडूंना सु. २·८ अब्ज डॉलर देण्याचे ठरले आणि विद्यापीठांना २०२५–२६ या वर्षी प्रत्येकी सु. २·०५ कोटी डॉलरपर्यंतची रक्कम खेळाडूंमध्ये वाटण्याची परवानगी मिळाली.

यामुळे अपिलांचे स्वरूपच उलटे झाले. पूर्वी खेळाडू विद्यापीठातून लवकर सुटण्यासाठी झगडत. आता ते अधिक काळ राहण्यासाठी न्यायालयात जाऊ लागले. न्यू मेक्सिको मिलिटरी इन्स्टिट्यूट या कनिष्ठ महाविद्यालयातून पुढे आलेला डिएगो पाव्हिया हा व्हँडरबिल्टचा खेळाडू याचे प्रमुख उदाहरण होय. त्याच्या नेतृत्वाखाली संघाने ५ ऑक्टोबर २०२४ रोजी अग्रमानांकित ॲलाबॅमाचा ४०–३५ असा पराभव केला होता. कनिष्ठ महाविद्यालयातील हंगाम पात्रतेच्या चार हंगामांत धरले गेल्याने त्याची मुदत संपत होती. आणखी एक हंगाम नाकारणे म्हणजे उत्पन्नाची संधी नाकारणे होय, या युक्तिवादावर नॅशव्हिलच्या संघीय न्यायालयाने १८ डिसेंबर २०२४ रोजी त्याच्या बाजूने आदेश दिला. संघटनेने लगेच अशा परिस्थितीतील इतर खेळाडूंनाही एका वर्षाची सवलत दिली. २०२५ च्या हाइझमन चषकासाठी पाव्हियाला दुसरे स्थान मिळाले. गेन्स व पाव्हिया यांचे विद्यापीठ एक, न्यायालयही एक. परंतु १९९० मध्ये ‘व्यापारी नव्हे’ म्हणून गणला गेलेला नियम २०२४ मध्ये व्यापारी ठरला. न्यायालयांत मात्र एकवाक्यता झाली नाही. विस्कॉन्सिनच्या नायझीर फोरक्युरन या खेळाडूला फेब्रुवारी २०२५ मध्ये मिळालेला असाच आदेश, बँक्सचा दावा फेटाळणाऱ्या सातव्या विभागाच्या अपील न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये रद्द केला.

मूल्यमापन : पात्रतेच्या नियमांचे समर्थक त्यांत स्पर्धेतील समतोल, शिक्षणाशी असलेला दुवा आणि नव्या विद्यार्थ्यांना मिळणारी जागा यांचे संरक्षण पाहतात. अनुभवी खेळाडू वर्षानुवर्षे थांबल्यास शाळेतून येणाऱ्यांची संधी कमी होते, हा त्यांचा आक्षेप दुर्लक्षणीय नाही. टीकाकारांच्या मते, प्रशिक्षकांना अमर्याद वेतन व विद्यापीठांना प्रक्षेपणाचे उत्पन्न घेता येत असताना निःस्वार्थ वृत्तीची अट केवळ खेळाडूवर लादणे अन्याय्य होते. या शतकभराच्या इतिहासात नियमाची भाषा बहुधा खेळाडूच्या हिताची होती; पण त्या नियमाच्या निर्मितीत वा त्यावरील अपिलात खेळाडूला स्वतःचे स्थान नव्हते. मोबदल्याचा प्रश्न २०२१ नंतर बऱ्याच अंशी सुटला. नियम कोणी ठरवावेत, हा प्रश्न मात्र तडजोडीने निकालात निघालेला नाही. खेळाडूंना नोकर मानून वाटाघाटींचा हक्क द्यावा की संसदेने कायदा करून संघटनेला संरक्षण द्यावे, यांविषयी अमेरिकेत तीव्र मतभेद आहेत. तो प्रश्न सुटेपर्यंत प्रत्येक हंगामापूर्वी काही तरुणांचे भवितव्य मैदानाऐवजी न्यायालयाच्या दालनात ठरत राहण्याचा संभव आहे.